खातं बंद होतं ते सहा दिवस

दोन हजार आठच्या सुमारास मी जामसंड्याला आईबरोबर राहत होते आणि परदेशातल्या सुतारांसाठी स्वयंपाकघरातल्या कपाटांचे नकाशे काढत होते. आधी मी देवगडातल्या एका इंजिनिअरकडे नोकरीला होते. त्यांनी ऑफिस बंद केलं, तेव्हा मी इंटरनेटवर कामं शोधायला लागले. काम देणारे आणि करणारे भेटतात अशी एक वेबसाइट सापडली. कोणीतरी कागदावर पेन्सिलीनं कच्चं चित्र काढून पाठवायचं, मी मापं धरून कॉम्प्युटरवर त्याचा नीट नकाशा करायचे. काम आवडलं की ते माझ्या नावाखाली दोन ओळी लिहायचे. त्या वाचूनच पुढचा माणूस काम द्यायचा. तिकडे मला दुसरं कोणी ओळखत नव्हतं.

एका सकाळी खातं उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एवढंच होतं: तुम्ही दुसऱ्याचं काम चोरल्याची तक्रार आली आहे. चौकशी होईपर्यंत खातं बंद राहील. गरज पडल्यास कायदेशीर कारवाई होऊ शकते.

तक्रार कोणाची, कुठल्या नकाशाबद्दल, काही नाही. मी कॉम्प्युटर बंद केला, प्लगसुद्धा काढला. थोड्या वेळानं पुन्हा लावला, तर तेच. वेबसाइटवर फोन नंबर नव्हता. मी विनवणीचं पत्र पाठवलं, त्याला सगळ्यांना जातं तसलं ठरावीक उत्तर आलं. दुसरं पाठवलं, पुन्हा तेच. तेवढ्यात रस्त्यावर एक जीप थांबली आणि मी दाराआड जाऊन उभी राहिले. परदेशातल्या कोणाच्या तक्रारीवर पोलीस असे लगेच दारात येत नाहीत, हे डोक्याला कळत होतं, पायांना कळत नव्हतं.

आई बंदरावर मासे विकायची. ती दुपारी आली, तर जेवण झाकलेलं तसंच.

"काय झाला गो? जेवक नाय?"

मी सांगितलं. वेबसाइट म्हणजे काय ते तिला नीट माहीत नव्हतं, पण चोरी हा शब्द तिला कळला.

"तू चोरलंस?"

"नाय."

"मगे तुका कोणी विचारल्यानी?"

"नाय."

ती पाय धुऊन आली आणि माझ्यासमोर बसली. "बाजारात कोणावर आळ इलो तर दोघांकाय समोर उभी करतत. हेनी तुका न विचारता चोर ठरवल्यानी? लिवून धाड. काय चोरलंय ता दाखवा म्हणान विचार."

"तेंका राग इलो तर? परत कधीच उघडूक नाय तर?"

"आता तरी खंय उघडा आसा?"

मी तिसरं पत्र लिहिलं. यात विनवणी नव्हती. कुठला नकाशा, तक्रार नेमकी काय, आणि माझी बाजू मी कुठे मांडायची, एवढं विचारलं. नंतरचे दोन दिवस मी कॉम्प्युटरपाशी बसून होते. वीज गेली की जीव घाबरा व्हायचा, आली की त्याहून जास्त.

चौथ्या दिवशी उत्तर आलं, खाली एका बाईचं नाव होतं. तिनं दोन नकाशे पाठवले होते. एक माझा. दुसरा जवळजवळ तसाच, खिडकीवर आपटणारं कपाटाचं एक चुकीचं दारसुद्धा तेच. क्षणभर मला माझीच शंका आली. मग आठवलं, ते दार सुतारानं पाठवलेल्या कच्च्या चित्रातच होतं. मी त्याला तेव्हा विचारलंही होतं, तो म्हणाला होता, राहू दे. म्हणजे त्यानं एकच चित्र दोघांना दिलं होतं आणि दार आपल्याच चित्रातलं हे विसरून, सारखे नकाशे बघून एकानं दुसऱ्याचा उचलला असं धरलं होतं.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता: दुसऱ्या व्यक्तीनं तुमचं काम उचललं असं तुम्हाला वाटतं का? हो लिहून पाठवलं असतं तर कदाचित मी तिथल्या तिथे सुटले असते. मी ते लिहिलंही होतं. भीतीनं माणूस काय करतो ते मला तेव्हा स्वतःत दिसलं. ती व्यक्ती कोण, कुठल्या देशातली, काही ठाऊक नव्हतं, पण तिच्याही पडद्यावर तीच वाक्यं असणार. मी ते खोडलं. आम्हा दोघांना एकच चित्र मिळालं असावं, असं लिहिलं आणि ते चित्र व दाराबद्दलचा निरोप जोडला.

सहाव्या दिवशी खातं उघडलं. बाईनं लिहिलं होतं की तक्रार चुकीची ठरली, तुमच्या नावाखाली तिची खूण राहणार नाही, आणि खातं बंद करण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पुढे काही महिन्यांनी वेबसाइटनं सगळ्यांना कळवलं की यापुढे तक्रार आली तर ती आधी काम करणाऱ्याला दाखवू, त्याचं ऐकू, मगच ठरवू. ते आमच्यामुळे झालं की आणखी कोणामुळे, मला कळलं नाही.

दुसऱ्या व्यक्तीचं काय झालं, हे मी त्या बाईला विचारलं होतं. दुसऱ्याच्या खात्याबद्दल सांगता येत नाही, असं तिनं कळवलं. ते बरोबरच होतं. तरी नंतर कितीतरी दिवस मी तिथली अनोळखी नावं एकेक करून वाचत बसायचे.