आत्याचं नाक

आमची आत्या लॅपटॉप उघडायच्या आधी हुंगायची. फणस पिकलाय का बघावं तसा तो नाकाशी धरायची आणि निदान सांगायची, “करपलाय” किंवा “उंदीर मुतलाय.” मग पेचकस.

नांदेडातल्या तिच्या दुकानात सगळी वयस्कर गिऱ्हाइकं, म्हणजे लॅपटॉपच. पाटासारखे जाड, नव्या दुकानांत कुणी हातही न लावणारे. ‘भंगार’ हा शब्द तिथं चालायचा नाही. आत्या म्हणायची, “भंगार कशाला म्हणतेत? जे आपल्याला उघडता येत न्हाई, त्याला.”

एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. हिंग कळेना, फिनेल कळेना. आत्याचा चेहराच उतरला. दुकान बंद करते म्हणाली. मला रडू आलं, कारण पदवी घेऊन घरी बसलेल्या मला तेवढं एकच ठिकाण आवडायचं.

दसरा होऊन आठवडा झाला आणि रेणापूरहून एक वजनकाटेवाले काका आले. त्यांच्या काट्याचा प्रोग्रॅम फक्त त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर चाले. बटणं अडकता अडकता तो बंदच पडला होता आणि काट्यावर सोयाबीनचे ट्रॅक्टर खोळंबले होते. पाण्याचा थेंब लागला नाही, असं ते शपथेवर सांगत होते.

आत्यानं सवयीनं लॅपटॉप नाकाशी नेला, थांबली आणि माझ्यापुढं धरला. “हुंग.”

जुनाट वास येतोय, मी म्हटलं.

“जुनाट म्हंजे? लोणचं बी जुनं आन् मी बी जुनी. नीट सांग.”

मी डोळे मिटून पुन्हा हुंगलं. खवट होता. खवट खोबऱ्यासारखा.

तापानंतर पहिल्यांदा आत्या खळखळून हसली. काकांना तिनं विचारलं, खंडेनवमीला यंत्राची पूजा केली का? दरसाल करतो, ते अभिमानानं म्हणाले. मग नारळ कुठं फोडला?

काकांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. “त्याच्या म्होरंच,” म्हणाले.

बटणांखाली नारळाचं पाणी वाळून चिकटलं होतं. आम्ही स्पिरिट आणि ब्रशनं सगळं पुसून काढलं, वाळवलं, आणि लॅपटॉप सुरू झाला. काकांनी त्याला हात जोडले. पुढच्या वर्षी नारळ अंगणात फोडा, असं आत्यानं बजावलं.

दुकान बंद करायचा विषय तिथंच संपला. मी हुंगायचं, तिनं खोदून खोदून विचारायचं, असा आमचा धंदा सुरू झाला. हळूहळू तिच्या विचारण्याआधीच मी निदान सांगू लागले, पेचकसही माझ्याच हातात राहू लागला.

परवा दुपारी मी एका बोर्डात डोकं घालून बसले होते. आतल्या गॅसवर चहाचं दूध होतं, हे पार विसरले होते. दाराशी खुर्ची टाकून बसलेली आत्या रस्त्याकडे बघतच म्हणाली, “दूध लागलं बघ.”

मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि पातेलं हातात घेऊनच बाहेर आले. तुला वास कधीपासून येतोय, मी विचारलं.

“लई दिस झाले.”

मग मला कशाला हुंगायला लावतेस?

“तुझं नाक तयार व्हायचं होतं,” आत्या म्हणाली. “जा, दुसरं दूध ठेव.”