जुने धुळे पाहायला गेलेली मुलगी

ती घटना आठवली नाही असा माझा एकही हिवाळा गेलेला नाही. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी धुळ्यात शहर ठाण्याला फौजदार होतो.

शहरात इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक राहत. सगळे त्यांना सरच म्हणत. रविवारी सकाळी ते शाळेच्या मुलांना घेऊन जुने धुळे दाखवायला पायी निघत. इंग्रजांनी आखलेल्या सरळ गल्ल्या, त्यांना नावांऐवजी नंबर का पडले, गोऱ्या साहेबांची थडगी, आणि शेवटी त्या काळातला बग्गीखाना. ती सरकारी इमारत कित्येक वर्षे ओस पडलेली होती. हिवाळ्यातल्या एका रविवारी ऊन चढले म्हणून सरांनी मुलांना तिच्या ओसरीत उभे केले. ते बोलत असतानाच छप्पर खाली आले. पाच-सहा मुले जखमी झाली. नववीतली एक मुलगी तुळईखाली सापडून जागीच गेली.

ठाण्यासमोर गर्दी जमली. मुलीचा बाप सुतारकाम करायचा. त्याची फिर्याद मी स्वतः लिहून घेतली. खरे तर बोलत होते ते सोबतचे नातेवाईक, तो बायकोशेजारी बसून नुसती मान हलवत होता. पोटचे पोर गेल्यावर माणूस असाच बसतो, म्हणून मला त्यात वावगे वाटले नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करून मी सरांना अटक केली. त्यांनी एका शब्दाने प्रतिकार केला नाही. जामिनावर सुटून घरी गेले, तर लोकांनी त्यांच्या दारावर दगड मारले.

पंचनाम्याच्या वेळी मात्र एक गोष्ट खटकली होती. ओसरीच्या मागच्या बाजूला दोन दगडी तळखड्यांवर खांबच नव्हते. वर खांबांचे बोटभर बुंधे तेवढे उरले होते आणि करवतीचा काप ताजा, पिवळा दिसत होता. ढिगाऱ्यात एक बल्ली, साधा लाकडी वासा, सापडली. कोणीतरी सागवानी खांब कापून नेले होते आणि वरच्या तुळईला बल्लीचा टेकू देऊन ठेवला होता.

शहरातल्या लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या. कोणी कबूल होईना. महिना होत आला तेव्हा जळगावच्या एका खबऱ्याचा निरोप आला, की नशिराबादला एका नव्या घराच्या पडवीत जुने कोरीव खांब बसवलेत, आणि ते धुळ्याहून आलेत. बुंधे पोत्यात घालून आम्ही तिकडे गेलो. एका खांबाचे खालचे टोक बुंध्यावर धरले. लाकडाची शीर शिरेला जुळली. घरमालकाने धुळ्यातल्या वखारवाल्याचे नाव सांगितले.

वखारवाला आधी उडवाउडवी करत होता. खांबामुळे पोरीचा जीव गेलाय हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. खांब हातगाडीवर आणून देणाऱ्याचे नाव त्याने फार हळू सांगितले. माझ्यासोबतच्या हवालदाराने माझ्याकडे पाहिले. तो आमचाच फिर्यादी होता.

त्याला आणायला गेलो तेव्हा घरात मुलीचे दप्तर अजून खुंटीला होते. तो आम्हाला पाहून उठला, सदरा घातला आणि बाहेर आला. कशासाठी, हे त्याने विचारले नाही.

मी अनेकांची चौकशी केली आहे. खोटे बोलणाऱ्याला कुठे अडवायचे ते मला येत होते. इथे अडवण्यासारखे काही नव्हतेच. त्याने सगळे सांगितले. गल्लीतले सगळेच त्या इमारतीतून काही ना काही नेत, कोणी कौले, कोणी फरशी. तिथे माणूस फिरकत नाही, टेकू पुरेल, असे त्याला वाटले होते. सरांचे नाव फिर्यादीत का येऊ दिले, असे मी विचारले. बायको समोर होती, म्हणाला. मग तो त्याच्या बोलीत म्हणाला,

"मनी पोर इचारत व्हती साहेब, बाबा, सर जुनं धुळं दखाडतस, जाऊ का? मी हा म्हनं. कोठे जास, ते इचारंच नही."

लिहून घेणाऱ्या हवालदाराने पेन खाली ठेवले. मी त्याला लिहायला सांगितले. सांगावेच लागते.

सरांवरचा गुन्हा मागे घेण्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि ही बातमी स्वतः त्यांच्या घरी जाऊन दिली. त्यांनी ऐकून घेतले. "खांब कोणी नेले, ते तुम्ही शोधलंत," ते म्हणाले, "पण पोरांना सावलीत या म्हणून मीच बोलावलं होतं." त्यानंतर ते घराबाहेर फारसे कोणाला दिसले नाहीत.

मुलीची आई ठाण्यात आली ती आरोपपत्र जाण्याच्या आदल्या दिवशी. केस मागे घ्या, असे तिचे म्हणणे होते. तो अधिकार माझा नाही, हे मी तिला समजावले. ती म्हणाली, "पोर तर गयी. आते यास्लेबी लई जातस का?" आता नवऱ्यालाही नेता का, एवढे विचारून ती पायऱ्या उतरून गेली. बापाला शिक्षा झाली.

खरा गुन्हेगार सापडला की कोणाच्या तरी मनावरचे ओझे उतरते, या विश्वासावर मी नोकरीची पहिली वर्षे काढली होती. त्या तपासात मला कुठे चूक सापडत नाही, वरिष्ठांनाही सापडली नाही. पण ज्यांच्यासाठी तो केला, त्यांतल्या एकालाही तो नको होता.