एक मूठ, तीन ओळी

गुंडेराव मास्तर कट्ट्यावर टेकले की आधी खिशातून चिंचोके काढायचे. एक मांडायचे. "हा आजचा माणूस." दुसरा मांडायचे. "हा कालचा. हा बी तोच." तिसरा मांडायच्या आत मी विचारायचो, "मास्तर, मग चहा किती सांगू? एक का तीन?"

"हसा, अण्णा. ज्याला कळत न्हाई तो आधी हसतोच."

हुलसूरच्या मराठी शाळेत जन्म घालवून मास्तर घरी बसले, तेव्हा त्यांनी एक गोष्ट लिहायला घेतली. एक माणूस काळातून मागं जातो. तिथं त्याला तोच भेटतो, तरुण. मग म्हातारपणचा तिसरा येतो, तोही तोच. दिवाळी अंकवाल्यांनी ती परत पाठवली, वाचणाऱ्याला कळणार नाही म्हणून. तेव्हापासून मास्तर रोज दुपारी माझ्याकडं. मी चौथी शिकलेला, बायको गेल्यापासून घरात एकटा. त्यांचं म्हणणं, "अण्णा, तुम्हाला कळलं की जगाला कळलं." शिवी होती, पण गोड होती. माझीही दुपार जायची.

महिनाभर डोकं खाल्लं त्यांनी. शेवटी मीच त्यांना समजावलं. "मास्तर, चिंचोके ठेवा खिशात. पेरायची तिफण बघितलीत का? वर चाड्यात एकच मूठ बी सोडते, खाली तीन नळ्यांतून तीन ओळींत पडतं. मूठ एक, ओळी तीन. तुमचा माणूस तसाच हाय."

मास्तर उभेच राहिले. "व्हय की वो! तीस वर्षं शिकवलो, मला कामून सुचलं न्हाई?" त्या दिवशी ते माझ्याकडंच जेवले. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "अण्णा, तुम्हाला मागं जाता आलं तर कुठं जाल?"

विचारायला नको होतं. आणि मी सांगायला नको होतं.

रब्बीची पेरणी होती. रानातला वापसा उडत चालला होता. रान सुकलं की पेरून उपयोग नसतो. मी बैलांमागं, बायकोची, कस्तुराची, मूठ चाड्यावर. ती म्हणाली, "जरा बसू द्या, हात चालंना." मी म्हणालो, "दोन फेर राहिलेत, होऊ दे." तिनं दोन्ही फेर मूठ धरली. मग बांधावर बसली ती उठलीच नाही. लेकीला, महानंदाला, मी सांगितलं होतं की आई बसल्या जागी गेली, कुणाला काही कळलं नाही. खरं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मास्तरांना सांगितलं. त्यांनी ताटातल्या भाकरीवर हात ठेवला. "ही भाकरी साक्षी हाय, अण्णा. माझ्या तोंडून बाहेर जाणार न्हाई."

पंधरा दिवसांनी वही घेऊन आले, खुशीत. वाचायला लागले. पहिल्याच पानावर तिफण. मग बांध. मग हिरव्या लुगड्यातली बाई. काळातून आलेला म्हातारा बांधावर उभा राहून तरुणपणच्या स्वतःला बघायलाय, आणि त्याच्या तोंडून आवाज निघत नाही. मी वहीवर हात ठेवला.

"मास्तर, हे तर माझं हाय."

"नाव बदललंय की."

"भाकरीचं नाव बदलता येतंय का?"

मला राग यायला हवा होता, पण तोंडातून भलतंच निघालं. "बरं, घेतलंच हाय तर एक करा. ह्या गोष्टीत तरी बैल थांबवा."

मास्तर पुन्हा मास्तर झाले. "बाई वाचली तर म्हातारा मागं जाईलच कामून? अन् तो गेला न्हाई तर तिला वाचवील कोण? गाठ पडते, अण्णा. बैल थांबवले की गोष्ट मोडते."

"मोडू द्या."

"असं कसं म्हणता?"

मी शेवटचं पान ऐकलं नाही. जा म्हणालो. त्यानंतर कट्ट्यावर बोलावलं नाही. गोष्ट दिवाळी अंकात छापून आली. लोकांनी वाखाणली, सगळ्यांना कळली. मूठ एक, ओळी तीन, हे मास्तरांना कसं सुचलं, असं लोक मलाच विचारायचे.

चार महिन्यांनी मास्तर गेले. मी खांदा दिला. बोललो मात्र नव्हतो.

महानंदा शाळेत त्यांची लाडकी. तिला त्यांनी उदगीरला, सासरी, अंक पाठवला होता, तो तिनं मास्तर गेल्यावर काढून वाचला. फोन आला.

"अप्पा, ही आई हाय ना?"

"व्हय."

"शेवटी ती म्हणते, 'होऊ द्या फेर, मला काय होत न्हाई.' आई असं म्हणली होती?"

ते पान मी ऐकलेलंच नव्हतं. कस्तुरा काय म्हणाली ते मास्तरांना पक्कं माहीत होतं. त्यांनी माझ्यासाठी सुटायची वाट करून ठेवली होती. एक व्हय म्हणालो असतो तर लेक माझी राहिली असती. पण ते कस्तुराचं बोलणं नव्हतं, आणि तिचं खरं बोलणं, तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं.

"न्हाई. जरा बसू द्या म्हणली होती."

"किती फेर राहिले होते?"

"दोन."

फोन ठेवला तिनं. पंचमीला माहेरी आली नाही. संक्रांतही गेली.

लोक मास्तरांना देवमाणूस म्हणतात. म्हणोत. माझं एकच विचारायचं राहिलंय. मास्तर, बैल थांबवले तर गोष्ट मोडते म्हणालात. कस्तुराच्या तोंडचं बदललंत, तेव्हा नाही मोडली?