नोंद केली आहे

बत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, वहीत एक ओळ लिहायची. अर्जदार पुन्हा आला की मान वर न करता सांगायचं, "नोंद घेतली आहे." तो निमूट परत जायचा. काम झालेलं नसायचं, पण माझ्या टेबलावरून ते गेलेलं असायचं. निवृत्तीनंतर ही सवय सुटली असती. मोबाइलनं ती पुन्हा लावली.

झालं असं, की एका वर्षी मी हयातीचा दाखला द्यायला विसरलो आणि पेन्शन अडकली. लातूरहून मुलगी आली. तिनं माझ्या फोनमध्ये नोंदी ठेवायचं ॲप टाकून दिलं. काम लिहायचं, वार आणि वेळ लावायची. वेळ झाली की फोन वाजतो, काम झालं की खूण करायची. महिनाभरात मी गोळ्या, गॅसचा नंबर, दाढी, सगळं त्यात घातलं. सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना त्या खुणा दाखवू लागलो. एकजण म्हणाला, "साहेबांनी दाढी केल्याची नोंद झाली. आता दोन पंचांच्या सह्या घ्या." सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथंच उभा राहून 'फिरणे' या कामापुढं खूण केली.

पत्नीचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर. तिची थोरली बहीण त्याच गावात दिलेली. दोघी एकमेकींशी कानडीच बोलायच्या. धाराशिवात, आमच्या घरात, ती भाषा कुणालाच येत नाही. बहिणीला ऐकू कमी यायचं, म्हणून फोनचा उपयोग नव्हता. शेजारी बसून कानाशी बोलावं लागे.

गेल्या वर्षी बहिणीनं अंथरूण धरलं. भाच्याचा फोन आला, "काका, मावशीला घेऊन या. आई लई आठवण काढतीया." पत्नीचे गुडघे दुखतात, एसटीत चढताना कुणीतरी हात द्यावा लागतो. ते काम माझं होतं. मी लगेच फोनमध्ये लिहिलं: उमरगा, बहीण, भेट. सोमवार, सकाळी सात.

"नोंद केली आहे," मी म्हणालो.

"नोंद राहू द्या. पिशवी भरू का, तेवढं सांगा."

सोमवारी फोन वाजला तेव्हा मी पेन्शनर मंडळाच्या सभेचं इतिवृत्त लिहीत बसलो होतो. भेट पुढच्या सोमवारवर ढकलली. त्याला एक बोट पुरतं. पुढच्या सोमवारी ऊन फार होतं. त्याच्या पुढच्या सोमवारी नळ दुरुस्त करणारा येणार होता. दर वेळी ढकलताना मला वाटायचं, आपण विसरलेलो नाही. ती सकाळी पिशवी भरायची आणि दुपारी पातळं पुन्हा कपाटात ठेवायची. चौथ्या सोमवारनंतर तिनं पिशवी काढली नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं. असे नऊ सोमवार गेले.

मग बहीण गेली. भाचा फोनवर रडत होता. "मावशी का आली न्हाय, काका? आई शेवटपर्यंत दाराकडं बघत हुती."

मी म्हणालो, "तिचे गुडघे. तीच म्हणाली, प्रवास झेपणार नाही."

पत्नी समोर उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ती चप्पल घालायला गेली.

त्याच गुडघ्यांनी ती मातीला आली. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "मातीला यायला बरे चालले व्हय गुडघे?" दुसरी म्हणाली, "शहराच्या बाईला वेळ कुठं असतो." मी दहा हातांवर पुरुषांत बसलो होतो. मला स्वच्छ ऐकू आलं. तिनं मान खाली घातली. मी तोंड उघडलं नाही. पुढच्या सोमवारी सातला फोन पुन्हा वाजला. वाजणं थांबावं म्हणून मी खूण केली, तर पडद्यावर शाबासकी आली: आजची सर्व कामं पूर्ण.

तेव्हापासून तिच्या माहेरचा एकही फोन आलेला नाही. तिकडच्या एका लग्नाची पत्रिका आली, ती माझ्या एकट्याच्या नावानं.

मागच्या आठवड्यात मी भाच्याला फोन केला आणि जे इथं लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग, काका? आईच्या वर्षाच्या कार्यक्रमाला या. त्या बायकांसमोर बोला." मी हो म्हणालो.

पत्नीला सांगितलं, की पुढच्या महिन्यात आपण दोघं जाऊ, मी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल करतो. ती तांदूळ निवडत होती.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "माझं तिथं आता कोण हाय बोलायला?"