चारशे बारा हरकती, एक अक्षर

ट्रेसरकाकांच्या अक्षराला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. नगररचना कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी नकाशांवर पारदर्शक कागद अंथरून रेघा गिरवल्या, गल्ल्यांची नावं लिहिली, रंग भरले. घरी वाण्याची यादीसुद्धा पट्टी लावून लिहायचे. लेक हसायची, म्हणायची, "बाबा, साबण आणायचाय, सनद नाही लिहायची." पण अक्षराच्या बाबतीत काका नाकावर माशी बसू देत नसत.

वस्तीमागचा माळ नकाशात हिरवा होता तो त्यांच्या हातानं. एकदम गडद रंग लावला की डाग पडतात, म्हणून त्यांनी तीन वेळा पातळ हात मारला होता. हिरवा म्हणजे इथे घरं बांधायची नाहीत. त्याच माळावर त्यांची थोरली बहीण शेळ्या चारायची. आक्का. धाकटा भाऊ शाळेत जायचा म्हणून शेळ्या तिच्या गळ्यात पडल्या, त्या पडल्याच. साठी उलटल्यावर ती बायकांच्या साक्षरता वर्गात जाऊन लिहायला शिकली. कागद दिसला की स्वतःचं नाव लिहून बघायची.

मग सरकारचं धोरण बदललं. शहराला लागून असलेली मोकळी जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, असं कुणा शहाण्याला वाटलं. वाया म्हणे! ज्यानं हे लिहिलं त्याला एकदा आक्काच्या शेळ्यांमागे चढावर पाठवायला हवं होतं. कचेरीच्या भिंतीवर नवा नकाशा लागला आणि त्यात सगळा माळ पिवळा, म्हणजे घरं बांधायला मोकळा. हळदीचा डबा लवंडावा तसा. काका त्यापुढे कितीतरी वेळ उभे राहिले. कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी, असं खाली छापलं होतं.

बास, काकांनी कंबर कसली. निवृत्त माणूस, गुडघे दुखणारे, पण दारोदार फिरले. ओट्यावर मांडी घालून बसायचे, मांडीवर फळी, फळीवर कोरा कागद. माणूस सांगायचा, काका लिहायचे, खाली सही नाहीतर अंगठा.

"लोकांना त्यांचं त्यांना लिहू द्या की," लेक म्हणाली.

"त्यांचं अक्षर बघितलंयस? कोंबडीचे पाय! साहेब पहिल्या ओळीला चष्मा काढून ठेवेल."

"मग झेरॉक्स तरी काढा."

"झेरॉक्स कुणी वाचत नाही. मी त्या कचेरीत जन्म काढलाय, तू मला शिकवू नकोस."

आता लोक बोलताना काय काय बोलतात. कुणाला माळावरची वाट हवी होती, कुणाला उन्हाळ्यातली झुळूक, न्हाव्याला म्हणे संध्याकाळी तिथे बसून कुणाशीच बोलायचं नसतं. काका हे सगळं ऐकायचे, मान डोलवायचे आणि कागदावर मात्र नेमकी, कचेरीला शोभेल अशी चार वाक्यं उतरवायचे. प्रत्येक कागदावर तीच चार. रात्री बोटं आखडायची, लेक तेल चोळून द्यायची.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी आक्का स्वतःच आली. वहीचं फाडलेलं पान पुढे केलं. "धाकट्या, मी लिहिलंय. कुणाला विचारलं नाही हं."

ओळी वर चढत गेलेल्या, एक शब्द खोडून पुन्हा लिहिलेला. 'माज्या शेळ्या कुठं जातील. मी कुठं जाईन. माळ घेऊ नका.' खाली नाव, अर्धं समासाबाहेर.

"छान लिहिलंयस," काका म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी नवा कागद घेतला, ठरलेली चार वाक्यं काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा अंगठा घेऊन आले. "वरती शिक्का लागतो, त्याच्यासाठी," असं काहीतरी सांगितलं. तिनं विश्वास ठेवला. धाकट्यावर न ठेवून कुणावर ठेवणार? तिचं पान त्यांनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात टाकलं.

चारशे बारा हरकती. सुनावणीला काका एकटेच गेले, बाकीच्यांना म्हणाले, "तुमची मजुरी कशाला बुडवता, मी आहे ना."

टेबलामागची अधिकारी लेकीच्याच वयाची होती. चांगली मुलगी, उठून खुर्ची दिली. गठ्ठा चाळला. "काका, अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं!"

काकांची छाती फुगली.

"पण सगळ्या एकाच हातच्या आहेत, मजकूरही एकच. अशा सगळ्या मिळून एकच हरकत धरायची असा नियम आहे. नोटिशीत होतं खाली." तिनं बोट ठेवून दाखवलं.

होतं. आयुष्यभर बारीक अक्षरं काढणाऱ्या माणसानं तेवढं बारीक अक्षर वाचलं नव्हतं.

"खाली सह्या आहेत, अंगठे आहेत. माणसं खरी आहेत हो," काका म्हणाले.

"मला दिसतंय, काका. पण मुदत संपली. वेगळी लिहिलेली एकसुद्धा असती तर ती वेगळी धरली असती, त्या माणसाला बोलावून ऐकून घेतलं असतं."

काकांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मुदत संपली होती, हे त्यांना कुणी दोनदा सांगायची गरज नव्हती.

घरी न जाता ते माळावर गेले. आक्का दगडावर बसली होती, शेळ्या उतारावर पांगल्या होत्या. तिनं सरकून जागा दिली.

"काय म्हणाले?"

काकांनी सगळं सांगितलं. खरंच सगळं, एक गोष्ट सोडून. चारशे बारांची एकच धरली आणि चूक आपली, हेही सांगितलं. ऐकताना आक्का शेळ्यांकडे बघत होती. काका लहान पोरासारखे रडले. तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, पूर्वी पुसायची तसं.

"रडू नकोस. एक धरली म्हणतोस ना?"

"एक."

"मग ती माझी असणार. माझं अक्षर तुझ्यासारखं कुठंय." ती जरा ताठ बसली. "वाचलं असेल ना रे त्यांनी?"

कोटाच्या आतल्या खिशात ते पान होतं, काकांच्या छातीला लागून.

"वाचलं, आक्का," काका म्हणाले.