सत्तावीस व्होल्टचा हट्ट

धारूरच्या बाजारपेठेत चाँदभाईंचं मंडप आणि लायटिंगचं दुकान आहे. चाँदभाईंचे गुडघे गेल्यापासून हे दुकान त्यांची मुलगी खुशनुमा चालवते. शिडीवर तीच चढते. सुरुवातीला लोक खाली उभे राहून नुसते बघायचे. ती वरूनच म्हणायची, "बघायलाच आलात तर वायर तरी वर द्या." मग बघणारे पांगायचे.

अंबाजोगाईला आयटीआयमध्ये तिनं वायरमनचा कोर्स केला, तेव्हा वर्गात मुलगी अशी ती एकटीच. पुढं लग्न ठरलं. पाहुणे म्हणाले, आमच्याकडं आल्यावर हे शिडीबिडी बंद. तिनं चहाचे कप उचलता उचलता सांगितलं, "मग मी येतच न्हाई." बीबीजान, तिची आई, आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. खुशनुमा मात्र दुसऱ्या दिवशी कामावर होती.

मागच्या उन्हाळ्यात रविराजदादांच्या बहिणीच्या लग्नाचं काम दुकानाला मिळालं. दादा म्हणजे तालुक्यातलं वजनदार नाव. त्यांच्या घरचं काम केलं की त्यांच्या ओळखीची सगळी कामं पाठोपाठ येतात. चाँदभाई खुशीत होते. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात मंडप उभा राहिला. वीज घ्यायची होती ती रस्त्याकडेच्या टेंपररी मीटरवरून. तिथून मंडपापर्यंत खुशनुमानं एक लांब वायर ओढली आणि ठरल्याप्रमाणे हॅलोजन लावले.

दिवस कलायला आला आणि दादांच्या माणसांनी टेंपो आणून उभा केला. त्यात आणखी हॅलोजन आणि मोठाले कूलर.

"हे बी जोड," दादा म्हणाले. "शूटिंगला उजेड कमी पडायलाय, आन् पाहुणे घामाघूम व्हायलेत."

खुशनुमानं मंडपाच्या कापडाला लागून गेलेल्या वायरीवर हात ठेवला. वायर कोमट लागत होती. तिनं मंडपातल्या बोर्डावर व्होल्टेज मोजलं, चिमट्याचा मीटर लावून करंट बघितला, मग रस्त्यापर्यंत चालत जाऊन तिथलंही व्होल्टेज मोजून आली.

"दादा, मीटरपाशी दोनशे पंचवीस व्होल्ट हायेत. हितं मंडपात एकशे अठ्ठ्याण्णव. मधले सत्तावीस व्होल्ट वायरच खायलीय. करंट अठरा अँपिअर हाय. सत्तावीसला अठरानं भागलं की दीड ओहम, एवढा ह्या वायरीचा अडथळा. आन् सत्तावीसला अठरानं गुणलं की पाचशे वॅटला जरासं कमी. तेवढी नुसती गरमी व्हायलीय, उजेड न्हाई."

"मग?"

"टेंपोतलं सामान जोडलं की करंट दुप्पट होईल. गरमी दुप्पट न्हाई होत, चौपट होती. दोन हजार वॅटची शेगडी लांब पसरून कापडाला बांधल्यासारखं हाय. खाली बायका-लेकरं बसणार. दुसरी लाइन टाका, मी लगेच जोडते."

"शाळा घेऊ नको. समदे असंच जोडतेत."

"जोडत असतील. मी न्हाई जोडणार."

"वरात निघाली. आता दुसरी वायर कुठून आणू?"

"मग हाय त्या उजेडात लग्न लावा. अंधार न्हाई करत मी."

चाँदभाई खुर्चीतून कसेबसे उठले. "बेटा, दादांचं काम हाय. जोडून टाक."

"अब्बा, वायर आपली हाय आन् हात माझा. न्हाई जोडत."

दादांनी शहादेवला बोलावलं. तो विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायचा. शहादेव बोर्डाकडं आला तशी खुशनुमा बोर्डासमोर उभी राहिली.

"शहादेवभाऊ, तुमची वायर आणा, खुशाल जोडा. माझ्या वायरीला हात लावला तर मी जाऊन मेन स्विच पाडीन."

मागून कुणीतरी ओरडलं, "ए बाई, हो की बाजूला!" ती हलली नाही. शहादेवनं दादांकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारली. रानातल्या मोटारीची जाड केबल घेऊन तो परत आला. मीटरपासून वेगळी लाइन ओढली आणि टेंपोतलं सगळं सामान त्यावर जोडलं. मंडप लखलखला. नवरीच्या अंगावर अक्षता पडल्या, पंगती उठल्या, काहीही झालं नाही.

पाहुणे पांगताना दादा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय जळलं गं? उगंच तमाशा केला."

"दुसरी लाइन टाकली म्हणून न्हाई जळलं," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. गावभर झालं ते एवढंच, की चाँदभाईच्या पोरीनं लग्नात खोटा कांगावा केला.

दादांच्या माणसांची कामं बंद झाली. चाँदभाई दुकानात गप्प बसू लागले. जेवतानासुद्धा तिच्याकडं बघत नव्हते. खुशनुमाला ते लागलं, फार लागलं. तरी प्रत्येक कामावर ती गिऱ्हाइकासमोर मोजमाप करून मगच आकडा सांगत राहिली. काहींनी तिला टाळलं, काहींनी मुद्दाम तिलाच बोलावलं.

दिवाळीनंतर दादांच्या माणसाचा फोन आला. पुतण्याचं लग्न होतं. "दादा म्हणतेत, एकदा येऊन चुकलं म्हण. काम तुलाच."

"कशाबद्दल चुकलं म्हणू? दुसरी लाइन टाकायला लावली त्याबद्दल?"

"ताई, एक शब्द तर हाय."

"तोच न्हाई म्हणणार. काम द्यायचं तर द्या, दोन लाइनी लागतेल."

तिनं फोन ठेवला. चाँदभाई समोरच बसले होते, सगळं ऐकलं होतं. ती बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिली. चाँदभाई गुडघ्यावर हात टेकून उठले.

"अंबाजोगाईच्या होस्टेलच्या गॅदरिंगचं काम उद्या हाय ना?" ते म्हणाले. "जाड केबल घेऊन जा. मी बी येतो, मीटरपाशी बसून आकडे सांगीन."