बॉयलरची पूजा कुणाच्या हातची

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, असं सगळं मोरिवली म्हणतं. मी म्हणते, येतं की! बावीस वर्षं एकच खोटं बोलत होते, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध.

रंगाच्या कंपनीतला कोळशाचा बॉयलर हे चालवायचे. पाणी किती उरलं, वाफ किती चढली, सगळं कानाने ओळखायचे. अजूनही कुकरची शिट्टी व्हायच्या आधी "आता होणार" म्हणतात आणि होतेच. पण लायसन कल्याणच्या भलत्याच माणसाच्या नावावर. तो महिन्यातून एकदा सही ठोकायला यायचा. तपासणीला कुणी आलं की काय बोलायचं, ते कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने ह्यांना पढवलेलं होतं, "मी हेल्पर. कोळसा टाकतो." बोलून बोलून जिभेला तेच वळण पडलं.

मागच्या वर्षी देशाचा धूर कमी करायचा सरकारी आराखडा आला. कोळसा टप्प्याटप्प्याने बंद, त्या जागी विजेचे बॉयलर, आणि कामगारांचं पुढे काय ते आधीच ठरवायचं. मला तर बरंच वाटलं. ह्यांच्या उशांचे काळे अभ्रे घासून माझे हात गेलेत. त्यासाठी सरकारकडून रुचिका नावाची मुलगी कंपनीत फॉर्म भरून घ्यायला आली. बॉयलर चालवणाऱ्याला नवीन यंत्राचं शिक्षण आणि त्यावरच नोकरी. हेल्परला सहा महिन्यांचा पगार आणि रामराम. तिने ह्यांना विचारलं, "दादा, तुम्ही काय काम करता?"

हे म्हणाले, "मी हेल्पर. कोळसा टाकतो."

घरी येऊन हात धुता धुता सांगितलं. मी उल्हासनगरच्या एका शेठच्या जीन्सना चेन लावत बसले होते, ती मशीन तिथेच थांबवली.

"अहो, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात?"

"सवयीने निघालं तोंडातून. आता खरं सांगायला गेलो तर कंपनीचा शेठ अडचणीत येईल. जाऊ दे."

"शेठची काळजी तुम्हाला, तुमची कुणाला?" असा राग आला म्हणून सांगू! ह्यांचं हे नेहमीचंच, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आठवड्याने अंबरनाथ पश्चिमेला हॉलमध्ये मीटिंग झाली. घरच्यांनाही बोलावलं होतं. याद्या वाचल्या, ह्यांचं नाव हेल्परांत आलं. हे चपलांकडे बघत बसले. कुणाची काही हरकत आहे का, असं सरकारी साहेबांनी विचारलं तशी मी उठले. पुढे गेले आणि रुचिकाच्या हातात मोबाइल दिला. खंडेनवमीचा फोटो होता. आमच्याकडे कारखान्यात रीत आहे, वर्षभर ज्याच्या हातात यंत्र, त्याच्याच हातची पूजा. मालकसुद्धा मागे उभा राहतो. फोटोत शेठ मागे हात जोडून उभे, आणि हे पुढे बॉयलरला गंध लावतायत.

"असे नऊ दसरे आहेत मोबाइलमध्ये," मी म्हटलं. "त्या कल्याणवाल्याचा एक तरी दाखवा."

हॉल हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी ह्यांनाच विचारलं, "रघुदादा, बॉयलर कोण चालवतं?"

हे उभे राहिले. म्हणाले, "मीच चालवतो साहेब. बावीस वर्षं." आणि भर सभेत डोळ्याला रुमाल लावला. मलाही रडू आलं, लपवू कशाला.

पुढे शिक्षण झालं, परीक्षा झाली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. आता स्वतःच्या नावाचं लायसन देवांशेजारी भिंतीवर आहे आणि अभ्रे पांढरे आहेत. रुचिकाने फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला, खंडेनवमीला यंत्राची पूजा कोण करतं? त्या एका प्रश्नावर आमच्या भागातले कितीतरी हेल्पर हेल्पर राहिले नाहीत.

गेल्या रविवारी ती घरी आली. आता घरोघरी चालणारी कामंही आराखड्यात धरायची होती, कुठे किती वीज लागते ते. मी चहा टाकला.

"गोदूताई, तुम्ही काय करता?"

"मी कसली करतेय? घरीच असते."

ह्यांनी कप खाली ठेवला. रुचिकाने कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघितलं. दसऱ्याचं झेंडूचं फूल वाळून अजून चाकाला अडकलेलं होतं.

"ताई, या मशीनची पूजा कोण करतं?"

हे तोंड फिरवून हसत होते. मी पदराने उगाच हात पुसले, मग तिच्यासमोर बसले.

"लिही बाई," मी म्हटलं, "जीन्स शिवते. चौदा वर्षं."